पान्यावरच्या दोन खाचा

सलग तिसऱ्या सोमवारी मोटरसायकलखाली फरशीवर काळा डाग दिसला आणि मीटरबाईच्या मनात पाल चुकचुकली.

संशय घेणं हा तिचा पोटापाण्याचा धंदाच होता. गेली चौदा वर्षं ती घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर तपासत होती. मीटरला चुंबक चिकटवणारे तिने पाहिले होते, काच फोडून ‘मांजराने फोडली’ म्हणणारे पाहिले होते, आणि घरात अकरा माणसं असताना एकट्या म्हातारीपुरतं पाणी वापरल्याचा आकडा दाखवणारेही पाहिले होते. त्यामुळे पाणी कुठे मुरतंय हे तिला वासानेच कळायचं. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. बाकी सगळ्या जगाला ती मीटरबाई.

तिची मोटरसायकल आधी तिच्या बहिणीच्या नवऱ्याची होती. भाऊजींनी नवी घेतल्यावर ही तिच्या गळ्यात पडली. गाडी जुनी, पण चालती. रोज पस्तीस-चाळीस घरं फिरायची म्हणजे गाडीशिवाय तिचं पान हलत नव्हतं. आणि गेल्या सहा महिन्यांत कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने त्या गाडीत दर खेपेला एक नवं दुखणं काढलं होतं. आधी चेन, मग क्लच, मग पुन्हा चेन. ऑइल गळायला लागलं तेव्हा तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “सील गेलंय. इंजिन उघडावं लागेल.”

“गेल्या महिन्यात तुम्हीच ऑइल बदललंत ना? तेव्हा गळत नव्हतं.”

“गाडीचं वय झालंय, बाई.”

नाचता येईना अंगण वाकडं, असं ती मनातल्या मनात म्हणाली. उघड काही बोलली नाही. पण इंजिन उघडायचा खर्च ऐकून तिने कानाला खडा लावला. यापुढे निदान बारीकसारीक कामं आपली आपणच करायची.

“हत्यारं घ्यावी म्हणते,” ती रात्री बहिणीकडे जेवताना म्हणाली.

“कुणाला मारायला?” भाऊजींनी विचारलं, आणि बहिणीने डोळे वटारल्यावर गंभीर झाले. “मोठ्या दुकानात पेटी मिळते बघ. शहाण्णव नग. अर्ध्या किमतीत चाललीय.”

अर्ध्या किमतीत म्हटल्यावर तिला आणखीच शंका आली. शनिवारी ती त्या दुकानात गेली. पेटी दिसायला नवरीसारखी होती, लाल मखमलीत चमचमणारी. मीटरबाईने पर्समधून घरातल्या जुन्या पंख्याचा एक नट काढला आणि दहाच्या पान्यात बसवून पाहिला. नट जबड्यात सैल दातासारखा डुगडुगला. शिवाय शहाण्णव नगांत तिच्या गाडीला लागणारे जेमतेम सात. बाकीचे मखमलीला शोभा आणायला. विक्रेत्याचं बोलणं संपायच्या आत ती बाहेर पडली होती.

मग ती जुन्या सामानाच्या गल्लीत गेली. तिथे एका अरुंद गाळ्यात एक चष्मेवाला म्हातारा जुनी हत्यारं विकायचा. भिंतीवर, छताला, पायाशी नुसतं लोखंडच लोखंड. हवेला गंजाचा आणि रॉकेलचा वास.

“काका, एक अ‍ॅडजस्टेबल पाना द्या. लहानमोठा करता येतो तो. एकात सगळं भागेल.”

“कशासाठी?”

“मोटरसायकल.”

“मग नाही देणार.”

“मग तो मांडून कशाला ठेवलाय?”

“नळ बसवणाऱ्यांसाठी. मोटरसायकलला लावलात तर महिनाभरात सगळ्या नटांचे कोपरे गोल होतील, आणि तुम्ही मला शिव्या द्यायला याल. मापं आणलीत का?”

तिने आणली होती. गाडीभोवती उकिडवं बसून, पट्टी लावून, प्रत्येक नट-बोल्टचं माप तिने वहीत उतरवलं होतं. म्हाताऱ्याने वही नाकाजवळ धरून वाचली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

“आठ, दहा, बारा, चौदा, सतरा. मागच्या चाकाला एकोणीस. एवढंच लागतं. एक प्लगचा पाना घ्या, एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, पण तो चांगला घ्या, तिथे कंजूषपणा नको. पक्कड घरात असेलच. चाकातली हवा मोजायचं घड्याळ नवं घ्या, जुनं खोटं बोलतं. बाकी नंतर, जसजशी गरज पडेल तसं.”

गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आहे आणि दुकानदारच ‘बाकी नंतर’ म्हणतोय, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने मान डोलावली, पण नजर त्याच्या हातांवरच ठेवली. त्याने फळीच्या मागून एक कापडी गुंडाळी काढली. आत सहा पाने. एका टोकाला कडी, दुसऱ्याला जबडा. वरचा मुलामा उडाला होता, पण पंख्याचा नट दहाच्या पान्यात असा बसला की हलायचं नाव नाही.

“एवढे चांगले आणि एवढे स्वस्त कसे?”

“मुलामा गेलाय म्हणून.”

तिने एकेक पाना उजेडात धरला. प्रत्येकाच्या दांड्यावर कानशीने घासलेल्या दोन आडव्या खाचा होत्या. कुणीतरी आपल्या हत्यारांवर मुद्दाम केलेली खूण.

“काका, हे चोरीचे तर नाहीत?”

म्हाताऱ्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “चोरीचे नाहीत,” एवढंच म्हणाला. कुणाचे आहेत ते काही सांगेना.

तिने ते घेतले. स्वस्त होते, चांगले होते, आणि खिशात त्याहून जास्त काही नव्हतं. पण घरी येईपर्यंत ती गुंडाळी तिला निखाऱ्यासारखी वाटत राहिली.

रविवारी सकाळी तिने अंगणात गाडी उभी केली आणि इंजिनाखालच्या ऑइलच्या बोल्टला सतराचा पाना लावला. जोर लावायच्या आतच तो फिरला. सील नाही न् काही नाही, बोल्टच सैल होता! तिचं डोकं तापलं. मग तिने मागच्या चाकाच्या नटला एकोणीसचा लावला. तोही अर्धा फेरा सहज फिरला, आणि तापलेल्या डोक्याला एकदम गार घाम फुटला. याच चाकावर ती रोज उतारावरून गाडी सोडत होती.

गिऱ्हाइकाने परत यावं म्हणून हा माणूस नट सैल सोडतो. जीव गेला तरी याला पर्वा नाही. तिने बोल्ट आणि नट दोन्ही आवळले आणि तडक गॅरेज गाठलं.

मिस्त्री स्टुलावर बसला होता. साठीचा, जाडजूड मनगटांचा माणूस. त्याच्या शेजारच्या गाळ्यात पंक्चरवाला एका ट्यूबला ठिगळ लावत होता. मीटरबाईने एकोणीसचा पाना मिस्त्रीसमोर नाचवला.

“माझ्या मागच्या चाकाचा नट सैल कुणी सोडला?”

मिस्त्रीने तिचं बोलणं ऐकलंच नाही. त्याचे डोळे पान्यावर खिळले होते.

“हा कुठून आणलास?”

“मी काय विचारतेय—”

“हा माझा पाना आहे!” तो ताडकन उठला. पेटीतून एक हातोडी आणि एक पक्कड काढून त्याने तिच्यापुढे धरली. दोन्हींवर तशाच दोन आडव्या खाचा. “सहा महिने झाले, एकेक हत्यार गायब होतंय. चोर कोण ते मला माहीत आहे.” आणि त्याने शेजारच्या गाळ्याकडे पाहून मुद्दाम मोठ्याने म्हटलं, “वीस वर्षं ज्याच्यासोबत चहा प्यायलो, तोच!”

पंक्चरवाल्याने मान वर केली नाही. फक्त त्याचा कानशीवरचा हात थांबला.

“तुला कुणी विकलं? यानेच ना?”

“नाही,” ती म्हणाली. पण तिलाही ठाऊक नव्हतं. मिस्त्रीने तिच्या हातून पाना घेतला, आणि तेव्हा तिला दिसलं. पान्याचं टोक पेटीच्या कडेवर टकटक वाजत होतं. मिस्त्रीने घाईघाईने दुसऱ्या हाताने मनगट धरलं, पाना तिला परत दिला आणि उजवा हात खिशात घातला. इतक्या महिन्यांत तो हात कायम खिशात किंवा पाठीमागे असायचा, हे तिला आता आठवलं.

ती तिथून सरळ जुन्या सामानाच्या गल्लीत गेली.

“काका, मालक सापडला. तो म्हणतोय चोरी झाली. आता तुम्ही बोला, नाहीतर मी पोलिसांत जाते.”

म्हाताऱ्याने हातातला पाना खाली ठेवला. “वचन दिलं होतं मी,” तो शेवटी म्हणाला. “एक बाई येते. जेवणाच्या रिकाम्या डब्यात एकेक हत्यार घालून आणते. घासाघीस करत नाही. मी देतो ते घेते. बाकी तिचं तिला विचारा.”

गॅरेजवर रोज दुपारी डबा कोण घेऊन येतं, हे मीटरबाईने कितीदा पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गॅरेजच्या अलीकडच्या वळणावर उभी राहिली. मिस्त्रीची बायको डबा घेऊन येताना दिसली तशी ती पुढे झाली.

“काकू, पाने मी विकत घेतलेत.”

काकूंचा चेहरा पांढरा पडला. पण त्या पळाल्या नाहीत की रडल्या नाहीत. डबा छातीशी धरून भिंतीला टेकल्या.

“पैशासाठी नाही गं,” त्या म्हणाल्या. “एक छदाम खर्च केला नाही. त्यांचा हात वर्षभर थरथरतोय. जोर राहिला नाही. त्यांना वाटतं नट आवळला, पण तो आवळलेला नसतो. हिवाळ्यात एका माणसाचं पुढचं चाक निसटलं. खांद्याचं हाड मोडलं त्याचं. बिचारा रस्त्यातल्या खड्ड्याला शिव्या देत राहिला. मी यांना म्हटलं, आता पुरे. दोन दिवस जेवले नाहीत. बोलणं टाकलं माझ्याशी. मग वाटलं, हत्यारंच नसतील तर काम आपोआप थांबेल.”

इतके दिवस मीटरबाई ज्याला लबाड समजत होती तो लबाड नव्हताच, आणि तरी तिचं चाक सैल होतं ते होतंच.

“आणि पंक्चरवाल्यावर आळ आला त्याचं काय?”

काकूंनी मान खाली घातली. “ते मला रोज दिसतं.”

“चोर सोडून संन्याशाला सुळी झाली ही, काकू. आज तुम्ही सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल.”

आपण फार कठोर बोललो असं तिला वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

काकू गॅरेजमध्ये गेल्या, डबा स्टुलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. आवाज बारीक होता, पण शेजारच्या गाळ्यात ऐकू जाईल इतका. मिस्त्री आधी हसला, मग ओरडला, मग ‘खोटं’ म्हणाला. काकूंनी त्याच्या खिशातला हात धरून बाहेर काढला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. तो हात त्यांच्या हातांसकट थरथरत राहिला.

“सील गेलेलं नव्हतं,” मिस्त्री मीटरबाईकडे न बघता म्हणाला. “मला माहीत होतं. बोल्ट दोनदा आवळला मी, दोनदा गळायला लागला. माझ्या हाताला जमत नाही, हे म्हणायचं होतं. तोंडातून भलतंच बाहेर पडलं.”

“इंजिन खरंच उघडलं असतंत?”

“कुणाकडून तरी करून घेतलं असतं बोल्टचं काम, आणि…” तो थांबला. “माहीत नाही.”

तिने तेवढ्यावर त्याला सोडून दिलं. पूर्ण माफ केलं असं मात्र नाही.

मिस्त्रीने तिला गाडी आणायला लावली आणि स्वतः स्टुलावर बसून तिच्याकडून काम करून घेतलं. बोल्ट काढ, खालची तांब्याची चकती बघ, चेपलीय ना, ती बदल. बोटाने बसव, मग पान्याने. “बस्स! आता आणखी आवळशील तर आटे जातील. मनगटाला कळतं ते.” चकतीची किंमत एका चहाएवढी होती. चेन किती सैल हवी, प्लगचा रंग कसा ओळखायचा, तेही त्याने सांगितलं. त्याचे डोळे आणि कान अजून पक्के होते.

शेवटी तो म्हणाला, “दहाचा तेवढा परत दे. माझा पहिला पाना आहे तो.”

“पैसे मोजलेत मी.”

“त्याच्या बदल्यात हा टी-पाना घे. खोल जागी जातो. जास्त उपयोगाचा आहे.”

मीटरबाईने टी-पाना घेतला, नटावर लावून पाहिला, उजेडात फिरवून पाहिला, मगच दहाचा त्याच्या हाती दिला.

मग मिस्त्री शेजारच्या गाळ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.

“चहा घेणार?” मिस्त्रीने विचारलं.

“नको,” पंक्चरवाला म्हणाला.

मिस्त्री तिथेच उभा राहिला. गेला नाही. काकू डब्याचं झाकण हातात घेऊन बघत होत्या. बऱ्याच वेळाने पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्याबाहेर काढली आणि पायाने एक रिकामा पत्र्याचा डबा मिस्त्रीकडे सरकवला, बसायला.

मीटरबाईने गाडी सुरू केली. अजून बावीस मीटर बघायचे राहिले होते.