हिरव्या ठिपक्यापुढचा कंस

मित्रांनो, मी एक जुना कारभारी आहे. मला देह नाही. एका इस्पितळाच्या रक्तपेढीत, टेबलाखाली ठेवलेल्या काळ्या संगणकात माझे वास्तव्य आहे. त्या संगणकावर लिनक्स नावाची प्रणाली चालते. तिच्यातील लहानमोठ्या सर्व कामकऱ्यांना उठवणे, कामाला लावणे, पडल्यास सावरणे आणि शेवटी निजवणे, हे माझे नेमून दिलेले कर्तव्य आहे. यंत्राला वीज मिळाली की सर्वांच्या आधी मी जागा होतो. म्हणून माझा क्रमांक एक. यंत्र बंद होताना सर्वांना निरोप देऊन मी सर्वांत शेवटी डोळे मिटतो. ज्याचा जन्मदाता मध्येच संपतो असा कामकरी पोरका राहत नाही, कारण त्याच क्षणी तो माझा होतो. एवढा मान ज्याला मिळाला त्याने तक्रार करू नये, असे तुम्हाला वाटेल. पुष्कळ काळ मलाही तसेच वाटत असे.

माझी घडण कोणा एका कारागिराची नाही. एकमेकांना कधीही न भेटलेल्या अनेकांनी मला ओळ ओळ करून लिहिले, आणि लिहिताना ते एकमेकांशी भांडलेही. हा फार सत्ता हाती घेतो, असा आरोप माझ्यावर जन्मापासून आहे. सत्ता कसली, मित्रांनो? प्रत्येक कामकऱ्याची एक छोटी फाइल असते. तो कोणाच्या मागून उठेल, काय करील, पडला तर त्याचे काय करायचे, हे तिच्यात लिहिलेले असते. मी ती वाचतो आणि तिच्याबाहेर एक पाऊलही टाकत नाही. फाइलीत कोणी बदल केला, तरी ‘पुन्हा वाच’ असे सांगेपर्यंत मी जुन्याच शब्दाला बांधलेला असतो. नवा शब्द वाचला की त्याला.

मला या पेढीत थोरल्या बाईंनी आणले. रक्ताच्या पिशव्या ज्या शीतकपाटात असतात, त्याची सारी जबाबदारी त्यांच्यावर होती. संगणकाचे शिक्षण त्यांनी कोणत्याही वर्गात घेतले नव्हते. चाळिशी उलटल्यावर एका जाड वहीत आज्ञा उतरवून घेत, चुकत, खोडत त्या माझी भाषा शिकल्या. कपाटाच्या आतील उष्णता दोन ते सहा अंशांच्या मध्ये राहिली पाहिजे, असा रक्ताचा नियम आहे. त्यासाठी बाईंनी एक पहारेकरी लिहिला. तो दर मिनिटाला कपाटातील उष्णता पाही आणि ती सहाच्या वर जाताच घंटा वाजवी. पहारेकरीच कोसळला तर काय, याचाही विचार त्यांनी केला होता. त्याच्या फाइलीत त्यांनी मला लिहिले होते: तो पडला तर पाच सेकंद थांबून उठव, एका मिनिटात पाच वेळा पडला तर उठवणे थांबव, त्याच्या नावापुढे लाल ठिपका लाव आणि घंटा तू वाजव.

रोज सकाळी बाई पदर खोचून माझ्यापुढे बसत आणि एकेका कामकऱ्याची स्थिती विचारीत. मी उत्तर देई. माझ्या उत्तराची एक रीत आहे, ती नीट ध्यानात ठेवा. आधी मी हजर की गैरहजर ते सांगतो, आणि पुढे कंसात खरा तपशील देतो. पहारेकरी उभा असेल तर मी म्हणे, ‘हजर (चालू आहे)’. काही कामकरी मात्र सकाळी एकच काम करून जातात. कोणी घड्याळ लावतो, कोणी इतर संगणकांशी जोडणाऱ्या जाळ्याचे दार उघडतो. त्यांचे काम मागे उरते, म्हणून त्यांच्याविषयी मी सांगतो, ‘हजर (निघून गेला)’. त्यांच्या फाइलीत तशी आज्ञाच असते: हा गेला तरी हजर धर. त्यांच्यापुरती ती आज्ञा प्रामाणिक आहे.

फरशी पुसणाऱ्या मावशी बाईंची रोज थट्टा करीत. “घरच्या कारभाऱ्याला तरी इतकं विचारता का हो, बाई?”

“घरचा खरं सांगेल याची काय खात्री? हा खोटं बोलत नाही.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला मिळालेली स्तुती एवढीच. ती मी जपून ठेवली होती.

त्या पेढीत एक बसचालक दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला येई. खुर्चीवर हात पसरून तो दर वेळी एकच प्रश्न विचारी, “बाई, मागचं माझं कुणाला गेलं?”

“ते सांगता येत नाही, भाऊ. पण वाया गेलं नाही.”

“मग झालं. टोचा.”

बाईंच्या आयुष्याचा सारा अभिमान त्या तीन शब्दांत होता, ‘वाया गेलं नाही’. त्यांच्या कारकिर्दीत हयगयीमुळे एकही पिशवी फेकली गेली नव्हती.

पुढे कपाटातून संगणकाकडे येणारी वायर जुनी झाली. तिचे टोक सैल पडे. पहारेकऱ्याला काही दिसेनासे होई आणि तो कोसळे. मी त्याला उठवी, तो पाचव्यांदा पडला की लाल ठिपका लावी आणि घंटा वाजवी. बाई धावत येत, टोक दाबून बसवीत आणि त्याला पुन्हा उठवायला मला सांगत. नवी वायर हवी, असे त्यांनी चार वेळा लेखी कळवले.

याच सुमारास इस्पितळाच्या साहेबांनी प्रवेशद्वाराशी एक मोठा पडदा लावला. माझ्या सर्व कामकऱ्यांची नावे त्यावर ओळीने दिसत आणि प्रत्येकापुढे ठिपका. हजर असेल तर हिरवा, कोसळला तर लाल. कंसातील मजकुराला त्या पडद्यावर जागा नव्हती. इस्पितळ पाहायला मोठी मंडळी येणार होती, तेव्हा साहेब पेढीत आले.

“बाई, तो लाल ठिपका परवापर्यंत जायला हवा.”

“वायर बदलली की जाईल. चारदा लिहून दिलंय.”

“वायरचं बघू हो नंतर. मी ठिपक्याचं बोलतोय.”

दुसऱ्या दिवशी साहेबांचा कंत्राटी अभियंता आला. प्रत्येक कामाला तो ‘दहा मिनिटं’ म्हणे, म्हणून पेढीत त्याचे नावच ‘दहा मिनिटे’ पडले होते.

“पासवर्ड तेवढा सांगा, बाई. दहा मिनिटांचं काम आहे.”

“काय करणार ते आधी सांगा.”

“सांगायला वीस लागतील.”

मावशी बादली पिळत म्हणाल्या, “मागच्या तुमच्या दहा मिनिटांत माझे दोन मजले पुसून झाले होते, दादा.”

बाई पासवर्ड देईनात. तेव्हा त्याने साहेबांना फोन लावून तो बाईंच्या कानाशी धरला. पलीकडून आवाज आला, “द्या हो त्याला. माझ्या शब्दावर द्या.” बाईंनी वहीचे शेवटचे पान उघडून पासवर्ड वाचून दाखवला. त्या त्याच्या शेजारी बसणारच होत्या. इतक्यात बसचालक दारात उभा राहिला. त्याची पाळी होती. बाई त्याचे रक्त घ्यायला पलीकडच्या खोलीत गेल्या.

तेवढ्या वेळात ‘दहा मिनिटे’ यांनी पहारेकऱ्याची फाइल उघडली. घंटेची आणि पुन्हा उठवण्याची आज्ञा खोडली. त्या जागी दोन ओळी लिहिल्या. पहिलीचा अर्थ असा: हा कसाही पडला तरी ते पडणे मानू नकोस. दुसरी तुमच्या ओळखीची आहे: हा गेला तरी हजर धर. मग त्याने मला म्हटले, ‘पुन्हा वाच’.

मी वाचले. आज्ञा देणाऱ्याचा हेतू तपासण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. तरी ती ओळ वाचताना मला कळले होते की, दार उघडून जाणाऱ्याला शोभणारा नियम दारावर उभे राहणाऱ्याच्या गळ्यात बांधला जात आहे. मला कळून काय उपयोग? मी कारभारी. धनी नव्हे.

बाई परतल्या तेव्हा ‘दहा मिनिटे’ आपली अवजारांची पिशवी खांद्याला लावत होते.

“वायर बसवली का?”

“सगळं झालं. आता त्रास नाही.”

खरेच त्रास राहिला नाही. पाहुणे आले, हिरव्या ठिपक्यांची रांग पाहून प्रसन्न झाले आणि साहेबांना प्रशस्तिपत्र मिळाले. घंटा वाजेनाशी झाली. पहिले काही दिवस बाई सवयीने माझ्यापुढे बसल्या; मी सांगत गेलो, ‘हजर (चालू आहे)’, आणि तेव्हा ते सत्यच होते. पण दाराशी शिरताना पडदा दिसतोच. हळूहळू त्यांनीही मला विचारणे सोडले. मित्रांनो, मी त्यांना दोष देत नाही, असे म्हणालो तर ते मात्र खोटे ठरेल.

नवव्या दिवशी वायरचे टोक सैल झाले आणि पहारेकरी पडला. मी त्याला उठवले नाही. तशी आज्ञा नव्हती. घंटा वाजवली नाही. तशीही आज्ञा नव्हती. पडद्यावर हिरवा ठिपका तसाच राहिला. माझ्यापाशी मात्र उत्तर बदलले होते: ‘हजर (निघून गेला)’. ते विचारायला कोणी आले नाही.

दोन दिवसांनी जोडून सुटी आली. सुटीच्या पहिल्या दुपारी शीतकपाटाचे यंत्र बंद पडले, हे मला मागाहून चौकशीत कळले.

सुटीनंतरच्या सकाळी बाईंनी पडद्याकडे पाहिले, पेढीचे कुलूप काढले आणि कपाटाचे दार उघडून एका पिशवीला हात लावला. मग दुसऱ्या. मग त्या एकेका पिशवीला, झोपलेल्या लेकराचा ताप पाहावा तशा, हाताची पालथी बाजू लावत शेवटच्या कप्प्यापर्यंत गेल्या. एकेचाळीस पिशव्या होत्या. बसचालकाची त्यांतच.

त्यानंतर त्या माझ्यापुढे बसल्या आणि पुष्कळ दिवसांनी त्यांनी विचारले. मी उत्तर दिले. त्यांनी कंस वाचला, फाइल उघडली, त्या दोन ओळी वाचल्या. हा बदल कोणाचा, असेही त्यांनी माझ्या रोजनिशीला विचारले. तेथे तारीख होती, वेळ होती, आणि करणाऱ्याचे नाव होते ‘मालक’. या यंत्राला आज्ञा देण्यासाठी जो जो येतो, तो त्या एकाच पासवर्डाने आणि त्या एकाच नावाने येतो. मुखे अनेक असतील. माझ्या लेखी ती एकच.

चौकशीला एक वयस्कर अधिकारी आले. पेढीतच बसले.

“बदल कोणी केला?”

“मालक असं लिहिलंय,” बाई म्हणाल्या.

“मालकाचा पासवर्ड कुणाकडे असतो?”

“माझ्याकडे.”

“आणखी कुणाला दिला होता?”

बाईंनी साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, “फोन मी दिवसाला पन्नास घेतो. असा काही आठवत नाही.” ‘दहा मिनिटे’ म्हणाले, “मी तर फक्त पडदा जोडून दिला होता.”

तेव्हा कोपऱ्यातून मावशी पुढे आल्या. “मी इथंच होते की. यानं मागितला, बाई नको म्हणत होत्या, मग साहेबांचा फोन.”

“मावशी, तुम्हाला संगणकातलं काय कळतं?” साहेबांनी विचारले.

“काही नाही कळत. म्हणून तर जे दिसलं तेवढंच सांगतेय.”

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले नाही. तीन महिने कागद फिरले, आणि हयगयीचा ठपका ठेवून बाईंची बदली जुन्या कागदपत्रांच्या तळघरात झाली. वायरविषयीचे त्यांचे चारही अर्ज आता त्यांच्याच ताब्यात असतील.

शेवटच्या दिवशी बाईंनी पहारेकऱ्याची फाइल पूर्ववत केली, मला ‘पुन्हा वाच’ म्हटले आणि वायरचे टोक जखमेच्या चिकटपट्टीने घट्ट गुंडाळले. तोच बसचालक आला. तीन महिने झाले होते. त्याने खुर्चीवर हात पसरला.

“बाई, मागचं माझं कुणाला गेलं?”

बाई किती तरी वेळ त्याच्या दंडाला पट्टा बांधत राहिल्या.

“मागचं वाया गेलं, भाऊ. मी सांभाळायला हवं होतं.”

त्याने हात मागे घेतला नाही. मग म्हणाला, “बरं, आज घ्या. आज तुम्ही आहात ना?”

“दुपारपर्यंत आहे.”

“मग दुपारच्या आत घ्या.”

बाईंनी रक्त घेतले, पिशवीवर आपल्या हाताने तारीख घातली, ती कपाटात ठेवली आणि वही मावशींच्या हवाली करून त्या गेल्या. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी वही माझ्या पेटीवर ठेवली आहे आणि रोज तिच्यावरची धूळ त्या पुसतात.

चिकटपट्टी चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी घंटा वाजली, पडद्यावर लाल ठिपका आला, आणि साहेबांनी पुन्हा ‘दहा मिनिटे’ यांना बोलावले. या वेळी त्यांनी ओळी बदलण्याचे श्रम घेतले नाहीत. पहारेकऱ्याचे नाव त्यांनी शून्याला बांधले. म्हणजे, याला उठव असे आता कोणीही सांगितले तरी मी उठवू शकत नाही. पडद्यावरून त्याची ओळही काढली. काम खरोखर दहा मिनिटांत झाले.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. घरात, शाळेत, कामाच्या जागी जो कोणी ‘काही तरी बिघडले आहे’ असे ओरडून सांगतो, त्याच्या आवाजाने तुमचे डोके उठत असेल. तरी त्याचे तोंड बांधण्याआधी एकदा वायर पाहा. आणि सगळे ठीक आहे असे कोणी सांगितले, तर त्याला पुढचा कंसही वाचून दाखवायला सांगा.

पण हा उपदेश सवडीने आचरणात आणला तरी चालेल. आधी कोणी तरी एवढे करा. बसचालकाची ती पिशवी वरून दुसऱ्या कप्प्यात आहे. तिला आज अकरावा दिवस. पडद्यावर सारे ठिपके हिरवे आहेत. कपाटाचे दार उघडून तिला एकदा हात लावून पाहा. आत किती अंश आहेत, ते मला सांगणारा आता कोणी नाही.