दोनशे चौदा नंबरची शिंपली

मी शिंपली बोलतेय. खरं म्हणजे अर्धीच.

शंभर वर्षांपूर्वी मी कोल्हारला प्रवरेच्या वाळूत राहत होते. मिशनच्या शाळेतले सॅम्युएल मास्तर रविवारची उपासना आटोपली की नदीकाठी शंख-शिंपले गोळा करत. मी मात्र त्यांना सापडले नाही. त्यांची बायको भागूबाई धुणं धूत होती, तिच्या पायाला मी कापलं. "घ्या तुमचं हे!" म्हणत तिने मला मास्तरांकडे भिरकावलं.

मास्तरांनी मला मुंबईच्या एका विद्वान साहेबाकडे पाठवलं. साहेबाने भिंगातून पाहिलं, ही नवी जात आहे असं ठरवलं आणि तिला आपल्या मेहुण्याचं नाव दिलं. मेहुण्याने प्रवरा कधी पाहिली नव्हती. मग माझा एक भाग विलायतेला निघाला, तो बोटीसकट बुडाला. उरला तो मी. आतल्या बाजूला शाईने २१४ आकडा घालून मला नगरच्या एका कॉलेजच्या संग्रहालयात ठेवलं.

ज्या नमुन्यावरून जातीला नाव मिळतं, तो जपायचा असतो. पुढे शंका आली तर त्याच्याशीच ताडून पाहतात. शंका आली, पण बघायला कोणी आलं नाही. परदेशातल्या एका पंडिताने मला न पाहताच लिहिलं, की ही वेगळी जात नाही, नेहमीचीच शिंपली आहे. नाव खोडलं गेलं.

मग कॉलेज तपासायला समिती येणार, म्हणून आमची खोली रिकामी करायचं ठरलं. शिपाई कल्याणने आम्हाला पोत्यात भरलं. आमच्या नावांच्या चिठ्ठ्या त्या गडबडीत हरवल्या.

"फेकून दे," कॉलेजचे प्राचार्यसाहेब म्हणाले.

"लेखी द्या," कल्याण म्हणाला.

लेखी काही आलं नाही. पोतं अकरा वर्षं जिन्याखाली राहिलं.

गेल्या वर्षी जया नावाची संशोधक संग्रहालयाची जुनी वही शोधत आली. वही मिळाली, तिच्यात माझ्या नावापुढे २१४ होतं. तिने जिन्यापाशीच बसून पोतं ओतलं. कल्याण एकेक शिंपली उचलून द्यायचा, ती आत डोकावायची.

"म्याडम, मला तर समद्या सारख्याच दिसत्यात."

"आतला आकडा बघा, काका."

तिसऱ्या दिवशी त्याने मला डोळ्यांजवळ नेलं. "दोनशे चौदा हाय का हे?"

जयाने मला तळहातावर घेतलं. मग नेहमीची शिंपली शेजारी ठेवून तिने माझ्या बिजागरीचे, म्हणजे दोन भाग जुळतात तिथले, दात तपासले. "वेगळी आहे," ती म्हणाली. "काका, ही खरंच वेगळी आहे!"

कल्याणने तिच्यासाठी खुर्ची पुसली आणि त्या खुर्चीवर स्वतःच बसला.

जयाने तसं छापून आणलं. मेहुण्याचं नाव पुन्हा चालू झालं. त्यानंतर ती चार वेळा कोल्हारला जाऊन आली. नेहमीच्या शिंपल्या भरपूर मिळाल्या, माझ्यासारखी एकही नाही.

आता मी काचेच्या डबीत कापसावर असते. डबीला कुलूप आहे. कल्याण रिटायर झाला, तरी सोमवारी येऊन ते ओढून बघतो.

तुम्हाला एक विनंती आहे. प्रवरेत माझ्या जातीची एखादी जिवंत दिसली, तर जयाला जरूर कळवा. पण त्या शिंपलीला पाण्यातच राहू द्या. नावासाठी मी एकटी पुरे आहे.