दोन्हीकडं उचललेला भंडारा

संध्याकाळी धार काढून उठते न उठते तोच दोन फोन आले. पहिला विजयसिंहांच्या गटाचा. ताई, उद्या सकाळी आठला गाडी दारात येईल, मतदानापर्यंत सहल आहे, मिस्टरांनाही घ्या. दुसरा पृथ्वीराजांच्या गटाचा. त्यांचीही गाडी आठलाच. दोघांनी तोंड भरून आभार मानले. कसले आभार, असं विचारलं तर दोघांनी एकच सांगितलं, सम्राटनं तुमच्या मताचा भंडारा उचललाय की.

मी आमच्या गावच्या महिला दूध संस्थेची चेअरमन. दूध संघाच्या निवडणुकीत प्रत्येक संस्थेला एक मत, आणि आमच्या संस्थेचं मत टाकायचा ठराव माझ्या नावावर झालेला. तेव्हापासून माझी अवस्था स्थळं येणाऱ्या पोरीसारखी झाली होती. मी कुणालाच शब्द दिला नव्हता. आणि माझा धाकटा भाऊ सम्राट बिरदेवाचा भंडारा तळहातावर घेऊन दोन्हीकडं शपथ वाहून आला होता. आमच्याकडं माणूस कोर्टात खोटं बोलेल, पण देवाची हळद हातात घेऊन दिलेला शब्द मोडत नाही.

चपला अडकवल्या आणि निघाले. माहेर दोन गल्ल्या पलीकडं. तेवढ्या वाटेत पदर तीनदा खोचला आणि तीनदा सोडला. नुसता संताप नव्हता तो. आता अण्णांना काय वाटेल, याची धास्तीही होती.

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गणपतरावांना, अख्खं गाव एका गोष्टीसाठी ओळखतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गटाच्या पुढाऱ्यानं सगळ्यांना रांगेत बसवून भंडारा उचलायला लावला. अण्णांनी तळहातावरची हळद फुंकून टाकली आणि म्हणाले, "ही हळद हाय. माझा शब्द हिच्याबिगर खरा हाय." पुढं दोन वर्षं आमचं पाणी तोडलं होतं, पण अण्णा वाकले नाहीत. माझं नाव क्रांती ठेवणारा माणूस तो, वाकणार कसा? ही गोष्ट आम्ही दोघं भावंडं जेवताना ऐकत वाढलो. हळद फुंकायची नक्कल अण्णा अशी करायचे, की सम्राट हसून लोळायचा.

सम्राट सोप्यात मोबाईल घेऊन बसला होता. अण्णा खुर्चीत होते. मी उभ्या उभ्याच विचारलं. त्यानं नाकारलंही नाही. संघाच्या शीतकरण केंद्रावर तो सहा वर्षं कंत्राटी आहे. दोन्ही गटांनी कायम करायचं कबूल केलंय, म्हणून दोघांनाही हो म्हटलं, कुणीतरी एक निवडून येणारच, असं त्यानं मलाच समजावून सांगितलं. वर, मी आत जाऊन मत कुणालाही द्यावं, त्याची काही हरकत नव्हती. वा रे माझा उदार भाऊ!

"आणि भंडारा?" मी विचारलं.

"आक्का, हळद हाय ती," तो म्हणाला. "अण्णांनीच शिकवलंय न्हवं?"

हे तो टोमणा म्हणून बोलला असता तर मी दोन शब्द सुनावले असते. पण तो अगदी मनापासून बोलत होता. एकाच ताटात जेवलो आम्ही, आणि अण्णांच्या दोन वाक्यांतलं एक त्यानं घेतलं, एक मी. मी अण्णांकडं वळले. आता ते उठतील, याला फैलावर घेतील, म्हणून वाट बघत राहिले. अण्णा पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत होते.

मी म्हटलं, मी दोघांनाही आत्ताच फोन करून खरं काय ते सांगते.

"नगं गं," अण्णा म्हणाले. "मत पेटीत पडतंय. कोण बघाय येतंय आत? त्येचं पोट हाय, आदूगर त्यो कायम होऊ दे."

मला क्षणभर हे अण्णा बोलले असं वाटेचना. दोन वर्षं तहानलेल्या जनावरांसाठी मैलभरावरून डोक्यावर पाणी आणणारी माझी आई मी पाहिली होती. तेव्हा कुठं होतं हे पोट? मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. सम्राट माझा भाऊ होता, त्याची दोन लहान पोरं होती, हे मलाही दिसत होतं. तरी मी फोन लावला. आधी विजयसिंहांना, मग पृथ्वीराजांना. माझ्या भावानं उचललेला भंडारा माझा नाही, दोन्हीकडं उचललाय, गाडी पाठवू नका, एवढंच बोलले. पृथ्वीराजांनी पुढचं ऐकून न घेता फोन ठेवला.

सम्राट मोटरसायकलची चावी घेऊन बाहेर पडला. अण्णांचा चेहरा लालबुंद झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले.

"सख्ख्या भावाचं पोट मारलंस. कुणी शिकवलं गं तुला असलं?"

आई इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभी होती. तिनं पिठाचा हात पदराला पुसला.

"तुमीच की," ती म्हणाली. "दोघांस्नी बी."