एक हंडा भरायला लागणारा वेळ

डवरा काठोकाठ भरलेला पाहून रेबेकाबाई वाटेतच थांबल्या.

उंबरकोंडच्या कातकरवाडीच्या वर, डोंगराच्या कुशीत हा खड्डा. कमरेइतका खोल, हात पसरले तर दोन्ही कडांना टेकतील एवढा रुंद. पाणी तळाच्या खडकातून पाझरायचं. मे महिन्यात बाया त्यात वाटी घेऊन उतरायच्या, गाळ हलू नये म्हणून श्वास रोखून एकेक वाटी हंड्यात घालायच्या. आज मात्र त्यात आभाळ दिसत होतं. काठाचे दगड राखेनं घासून पांढरे केलेले. भोवतीची जागा शेणानं सारवलेली, एका बाजूला तांब्या आणि त्यावर झाकण.

"ठमे, हे काय गो?"

ठमी पदर खोचून उभी होती. तोंडभर हसली. "चांगला दिसतंय ना बाई? परवापास्नं कोनाला हात लावू दिला नाय. त्याआदी समद्या बाया तळापास्नं घासाय व्हत्या. बायजाबाईची तर नखा झिजली."

"आणि प्यायला?"

"नदीवर गेलो ना. दोन खेपा. पाय गेलं पार." मग तिनं आवाज खाली आणला. "जिल्ह्याचा सायेब यायचा आनि त्याला गाळ दावायचा? तुमीच सांगता ना, सायेब यायचा तर पोरांची नाका पुसा, अंगन झाडा, पानी झाका."

 रेबेकाबाई हे सांगत होत्या खऱ्या. खांबच्या उपकेंद्रात सव्वीस वर्षं नर्स म्हणून काढली, त्यात हेच तर सांगितलं होतं.

डोंगराचा माथा कंपनीनं ब्याण्णव साली घेतला. वरचा तांबडा दगड बॉक्साइटचा. झाडं, माती, कातळ, सगळं साल काढावी तसं काढायचं आणि ट्रकनं धरमतरच्या धक्क्यावर पाठवायचं. अर्धा माथा असा सोलून झाला होता. उरलेला अर्धा मागितला होता. वाडीनं हरकत घेतली, ठमीचा नवरा मोतीराम आणि आणखी नऊ जण जानेवारीत ट्रकांपुढे आडवे झाले आणि तीन दिवस रोह्याच्या कोठडीत बसून आले. त्यानंतर कुठं ही पाहणी मंजूर झाली. झऱ्यावर परिणाम होतो की नाही, एवढंच साहेब बघणार होते. त्यांनी लिहिलेल्या चार ओळींवर उरलेला माथा राहणार की जाणार, हे ठरायचं होतं.

पुरावा रेबेकाबाईंकडे होता. निळ्या पुठ्ठ्याची वही. दर रविवारी त्या डवरा कोरडा उपसायच्या, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरायच्या आणि एक हंडा भरण्याइतकं पाणी यायला किती वेळ लागतो ते लिहायच्या. नाडी मोजायची सवय होती, तशीच ही. एकोणनव्वदच्या मेमध्ये चार मिनिटं. त्र्याण्णवच्या मेमध्ये एकोणीस. गेल्या रविवारी एक तास दहा मिनिटं. पाऊस, तारीख, वेळ, शेरा असे रकाने. शेरा बहुतेक रिकामा.

बहीण रूथ इस्रायलमधल्या अश्दोदहून लिहायची, आता तिथं कोण उरलंय तुझं? उरलं होतं ते डोंगराच्या पायथ्याशी. घरच्या माणसांची सात थडगी, त्यातलं एक नवऱ्याचं, सॉलोमनचं. कंपनीनं न मागता त्यांना तारेचं कुंपण घालून दिलं होतं. मॅनेजर म्हणाला होता, "बाई, तुमचं तर सुरक्षित झालं. आता हरकतीवर सही कशाला?" त्यांनी सही मागे घेतली नाही. रूथकडे जायचं तिकीट मात्र जूनचं काढलेलं होतं.

साहेब दहा वाजता आले. मध्यमवयीन, घामेजलेले, माणूस सभ्य. बरोबर मॅनेजर आणि एक कारकून. वाडी सगळी दोन्ही अंगांना उभी. ठमीनं तांब्या पुढे केला.

साहेब घटाघट पाणी प्यायले. "वा. माठातलं वाटतं. पंधरा गावं हिंडलो, एवढा स्वच्छ डवरा पाहिला नाही."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. बायजाबाई लाजली. मॅनेजर एक पाऊल मागे सरकला. त्याला बोलायची गरजच नव्हती.

"साहेब," रेबेकाबाई म्हणाल्या, "हा उपसून मोजायला हवा. भरलेला डवरा काही सांगत नाही."

"किती वेळ?"

"उपसायला पाव तास. पुढं एक तास दहा मिनिटं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बाई, दोन वाजता पेणला मीटिंग आहे. आणि ऐन मेमध्ये या बायांसमोर भरलेलं पाणी मी उपसायला लावू?"

"सांडायचं नाही. घरोघर जाईल." त्यांनी वही उघडून दिली. "यात चाळीस हंडे मावतात. एका दिवसात वीस येतात. म्हणजे हे दोन दिवसांचं साठलेलं पाणी आहे. वाडीत सव्वीस घरं आहेत."

साहेबांनी पानं चाळली. मन लावून चाळली, हे रेबेकाबाईंनाही कबूल करावं लागलं. "अक्षर सुंदर आहे. पण हंडा हे काही माप नव्हे."

"पंधरा लिटर. सलाइनच्या बाटलीनं मोजलाय."

"प्रमाणित कुणी केलंय?"

"मी."

मोतीरामला राहवलं नाही. तो पुढे आला. "सायेब, बायांनी दोन दिस हात लावला नाय म्हनून भरलाय ह्यो! तुमी यायचं म्हनून! रोज बघाल तर वाटी बुडत नाय!"

"दोन दिवस हात लावला नाही?" साहेब वळले. "मग प्यायलात काय?"

"कुंडलिकेचा आनला. कोसभर खाली."

"म्हणजे दुसरी सोय आहे."

 मॅनेजरनं खिशातून रुमाल काढून मान पुसली. कारकून लिहायला लागला आणि साहेब सांगू लागले, सावकाश, एकेक शब्द, "झरा जिवंत. मे महिन्यात डवरा पूर्ण भरलेला. पाणी चवीस उत्तम. पर्यायी स्रोत, नदी."

"वहीचं लिहा," रेबेकाबाई म्हणाल्या.

"लिहितो ना. 'स्थानिक निवृत्त परिचारिकेनं काही नोंदी दाखवल्या.'" मग थोडं थांबून, हळू आवाजात, "बाई, तुमचं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण डोळ्यांनी दिसलं ते मला लिहावं लागतं."

जीप धूळ उडवत खाली गेली.  मग बायजाबाईनं हंडा आणला, तिच्या मागून बाकीच्या आल्या. पाण्यावरून कधी नव्हे ते भांडण झालं नाही. प्रत्येक घराला दीड हंडा आला, शेवटचा एक म्हाताऱ्याकोताऱ्यांना. तळ उघडा पडला. तोही घासलेला होता. खडकाच्या फटींतून नखांनी शेवाळ काढल्याचे ओरखडे दिसत होते.

ठमी काठावर बसली. "बाई, आमी घान दावायला पायजे व्हती का?"

"नाय गो."

"मंग?"

 रेबेकाबाईंनी चपला काढल्या, साडी आवरली आणि ठमीचा हात धरून डवऱ्यात उतरल्या. उरलेलं ओंजळभर पाणी फडक्यानं टिपून घेतलं, वर आल्या, घड्याळ पाहिलं. बारा वाजून पाच मिनिटं.

"आज रैवार नाय," ठमी म्हणाली.

"माहीत आहे."

दोघी करवंदीच्या तुटपुंज्या सावलीत बसून राहिल्या. माथ्यावर जेवणाची सुट्टी संपली, मशीन सुरू झालं. एकदा सुरुंग उडाला, काठावरचा एक पांढरा दगड घरंगळत तळाशी गेला. ठमी उतरली, दगड उचलून आणला, पदरानं पुसला आणि पुन्हा होता तिथं बसवला. मग तळाशी ओल धरली, ओलीचं पाणी झालं. ठमी वाटीवाटीनं हंड्यात घालत राहिली.

हंडा भरला तेव्हा रेबेकाबाईंनी वही मांडीवर घेतली. तारीख घातली. पावसाच्या रकान्यात शून्य. वेळ, एक तास चौदा मिनिटं.

शेऱ्याच्या रकान्यावर पेन्सिल जरा थांबली. मग त्यांनी लिहिलं, 'डवरा स्वच्छ.'