उभ्या गाडीतली बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. घड्याळात बसते ती चिमुकली नव्हे, आणि टॉर्चमधलीही नव्हे. मी पिकअप गाडीची बॅटरी; काळी, चौकोनी, आणि उचलणाऱ्याच्या तोंडून "आई गं!" काढणारी. माझ्या अंगावरचं लेबल कधीच गळून पडलं. एक कोपराही झिजला आहे. पण माझी रग अजून गेलेली नाही. ती कशी टिकली, तेच मी तुम्हांला सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शिशाच्या जाळ्या माझ्या पोटातल्या खणांत दाटीवाटीनं बसवल्या. वरून पाणी मिसळलेलं ॲसिड ओतलं. मग पहिल्यांदा माझ्यात वीज भरली, तेव्हा मला वाटलं, ही ताकद आता जन्माची. नव्या नवलाईत असं वाटतंच. भरलेलं भांडं झिरपतं, हे मला फार उशिरा कळलं.

मी अणदूरला राजशेखरच्या नव्या पिकअपमध्ये आले. शिवप्पा आणि सिद्धम्मा यांचा तो एकुलता एक लेक. हौद्याच्या खाली, कडेच्या पेटीत माझी जागा होती. टोमॅटोचे क्रेट, कांद्याची पोती, लग्नाची भांडी, असलं काय काय आम्ही वाहिलं. राजशेखरनं किल्ली फिरवली की मी एका दमात इंजिनाला उठवायचे. नळदुर्गच्या ढाब्यावर चहा पिताना तो इतर ड्रायव्हरांना ऐटीत सांगायचा, "आपल्या गाडीला धक्का म्हंजी काय, ते ठाव न्हाय." पेटीतल्या पेटीत मी फुगून जायचे. कौतुक कोणाला नको असतं, मित्रांनो?

मग एका पाडव्यानंतर राजशेखर मस्कतला ड्रायव्हरची नोकरी करायला गेला. जाताना त्यानं किल्ली बायकोच्या, म्हणजे शिवलीलाच्या हातात ठेवली. शिवलीलानं मनाशी पक्कं ठरवलं होतं, गाडी आपण चालवायची. तुळजापूरच्या क्लासमध्ये तिनं नाव घातलं. सासरे शिवप्पा यांना मात्र ते पटेना.

"चालवणारा गेला परदेशी. उभी गाडी म्हंजी दारातली भाकड म्हस," ते म्हणाले. "खाती, पर देत काय न्हाय. इकून टाकू."

"अप्पा, मी चालवती की. लायसन तेवढं हातात येऊ द्या," शिवलीला म्हणाली. शिवप्पांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

गाडी चिंचेखाली उभी राहिली. आणि इथून माझे वाईट दिवस सुरू झाले. गंमत म्हणजे, ते आणले मायेनं. सिद्धम्मा रोज दिवेलागणीला देवापुढं दिवा लावायच्या, तुळशीपुढं लावायच्या आणि मग गाडीपाशी यायच्या. लेकाच्या गाडीला अंधारात कसं ठेवायचं? त्या शिवलीलाला हाक मारायच्या, ती किल्ली फिरवायची आणि गाडीचे दोन्ही दिवे लख्ख पेटायचे. सिद्धम्मा हळदकुंकू लावायच्या, उदबत्ती ओवाळायच्या, दारावरून जाणाऱ्या बायकांशी दोन गोष्टी बोलायच्या. तोवर दिवे चालूच. वर शेजारचा कोणीतरी सल्ला द्यायचा, की रोज जरा सुरू करून बंद करत जा, बॅटरी चांगली राहते. मग तेही चालू झालं.

आता माझं गणित ऐका. इंजिनाला उठवताना मी ओंजळभर देते. गाडी लांब धावली तर ते मला परत मिळतं. जागच्या जागी थोडा वेळ घरघरून बंद केली, तर चमचाभर मिळतं. रोज ओंजळ द्यायची, चमचा घ्यायचा आणि वर दिव्यांचा खर्च! त्यात आमच्याकडचा उन्हाळा. माझ्या पोटातलं पाणी आटू लागलं. शिशाच्या जाळ्यांवर पांढरट थर धरू लागला. मला ओरडून सांगावंसं वाटे, सिद्धम्मा, तुमची माया माझा जीव घेते आहे हो! पण मला कुठलं तोंड? मी रोज जिवाच्या आकांतानं दिवे पेटवत राहिले.

अखेर आखाडात गाडी बघायला एक व्यापारी आला. शिवप्पांनीच बोलावला होता. शिवलीलानं किल्ली फिरवली. मी अंगातला शेवटचा थेंब गोळा केला. टक् असा एक आवाज झाला आणि पुढं काही नाही. व्यापाऱ्यानं लगेच तोंड वाकडं केलं. "बंद गाडी हाय म्हणा की," असं म्हणून त्यानं अगदीच पडेल भाव सांगितला.

शिवप्पांचा चेहरा उतरला. बंद गाडी म्हणून लेकाची गाडी विकायची, हे त्यांनाही लागलं असावं. शिवलीलानं तेवढ्यात हट्टानं म्हटलं, "अप्पा, मला दसऱ्यापतूर येळ द्या."

"बरं," शिवप्पा म्हणाले. "खंडेनवमीला गाडीची पूजा करू. पूजेच्या दिवशी धक्का मारायला लागणं चांगलं न्हाय. एका किल्लीत उठली तर गाडी तुझी. न्हाय उठली, तर दसरा झाला की हे पाव्हणं घिऊन जातील."

पाव्हण्यांनी मान डोलावली. बॅटरीकडं बोट दाखवून ते म्हणाले, "ही मात्र भंगारात घाला." मित्रांनो, तो अपमान मला ॲसिडपेक्षा जास्त जळजळला. मी ठरवलं, मरायचं नाही. पण बॅटरीनं नुसतं ठरवून भागत नाही. तिला माणसाचा हात लागतो.

तो हात शिवलीलाचा होता. तिनं मला पेटीतून काढलं आणि चुलतदिरासोबत मोटारसायकलवरून नळदुर्गला आणलं. तिथं हायवेला हर्षाली नावाच्या बाईंचं बॅटरीचं दुकान आहे. त्यांनी मला तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"लई खाली गेलीय. जगंल का न्हाय, सांगता येत न्हाय. हळूहळू चार्ज करून बघते. पर रिकामी कशानं झाली?"

शिवलीलानं दिव्यांची गोष्ट सांगितली. हर्षालीताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "घरात कुणाचं मन दुखवू नका. पर गाडी उभी ठेवायची तर बॅटरी सोडून ठेवा. आधी काळी वायर काढायची, मग लाल. महिन्याला एकदा पूर्ण चार्ज करा. पाणी कमी झालं तर दुकानातलं बॅटरीचंच घाला, बोअरचं न्हाय. आणि चार्जिंगला लावली की जवळ दिवा, उदबत्ती, काय म्हंजी काय न्यायचं न्हाय. तिच्यातनं गॅस निघतो, भडका उडंल."

मी अगदी संथपणे भरत गेले. जाळ्यांवरचा थर सगळा गेला नाही, पण बराच सुटला. माझ्यात धग परत आली. घरी जाताना शिवलीलानं एक छोटा चार्जरही सोबत नेला.

खरी अवघड गोष्ट पुढंच होती. सासूला सांगायचं कसं?

"अव्वा, आता गाडीचे दिवे लावायचे न्हाय," शिवलीलानं एकदाचं सांगून टाकलं.

"का गं? माझ्या लेकाच्या गाडीला दिवा दावला तर तुझं काय जातंय?"

"माझं न्हाय, बॅटरीचं जातंय. रोज थोडं थोडं करून आपणच तिला रिकामी केलीय. लावणारी मीच हुती, मलाबी कळलं न्हाय."

सिद्धम्मांनी अबोला धरला. मागच्या खोलीतल्या फळीवरून मला त्यांचं भांडी आपटणं ऐकू येत होतं. मला त्यांची दया आली. लेकाला बघता येत नाही, म्हणून त्या गाडीला ओवाळत होत्या. त्यांच्या हातून तेवढंही काढून घेतलं, तर त्या काय करणार?

पण सिद्धम्मा म्हणजे काही लेचीपेची बाई नव्हे. आखाड सरला त्या अमावस्येला त्या गाडीला नवं लिंबू-मिरची बांधायला निघाल्या आणि दारातच थबकल्या. "शिवलीला, बॅटरीला महिन्यातनं एकदा भरायचं म्हणतीस नव्हं? मंग दर अमावस्येला भरू. लिंबू बदलायचं मी काय इसरत न्हाय. त्याच्या संगं हीबी ध्यानात राहील."

झालं! त्या दिवसापासून त्या माझ्या मुकादम झाल्या. गाडीपुढं त्या आता तेलाची पणती लावायच्या, मी मात्र दूर खोलीत सुखरूप. श्रावणातल्या अमावस्येला पोळा आला. बैलांना पुरणपोळी मिळाली, तर सिद्धम्मांनी माझ्या कपाळालाही कुंकू लावलं, आणि मगच चार्जर लावायला सांगितला. मध्येच लाइट गेली की वायरमनला त्याच फोन करायच्या. एकदा शिवप्पा विडी पीत त्या खोलीत शिरले. "भाईर व्हा आधी!" अशी हाक आली, की मीच दचकले. शिवप्पा मुकाट्यानं बाहेर गेले.

शिवलीलाही गप्प बसली नव्हती. विहिरीजवळच्या तुकड्यात तिनं झेंडू लावला होता. लायसन हाती आलं, पण पितृपंधरवडा लागला होता. त्या दिवसांत नवं काही सुरू करायचं नाही, म्हणून ती थांबली. खंडेनवमीच्या सकाळी मात्र तिनं मला गाडीत बसवलं, लाल वायर लावली, मग काळी लावली, आणि सांध्यांना व्हॅसलीन चोपडलं. फुलांची पोती तिनं पूजेआधीच हौद्यात भरून ठेवली.

"अजून गाडी उठली न्हाय, आन् हिनं माल भरला!" शिवप्पा पुटपुटले.

पूजा झाली. नारळ फुटला. अंगणात माणसं जमली होती. शिवलीला गाडीत बसली आणि तिनं किल्ली फिरवली.

मी जोर लावला. इंजिन कण्हलं. इतके महिने पडून त्याचं अंग आखडलं होतं, डिझेल वर चढत नव्हतं. एकदा घरघरलं, दुसऱ्यांदा घरघरलं, पण पेट घेईना. शिवलीलानं किल्ली सोडली नाही. शिवप्पांनी "राहू दे" म्हणायला हात वर केला.

"थांबा वो!" सिद्धम्मा ओरडल्या.

आणि मीही थांबले नाही. अमावस्या-अमावस्येला साठवलेलं सगळं मी त्या क्षणी पणाला लावलं. एक गचका बसला, काळा धूर निघाला आणि इंजिन धडधडू लागलं. शिवलीला रडत होती आणि हसतही होती. मला हात असते, तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

तिनं इंजिन बंद केलं नाही. सिद्धम्मा तडक पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. शिवप्पा जरा वेळ उभे राहिले, मग धोतर सावरून मागं हौद्यात, झेंडूच्या पोत्यांवर चढले. गाडी नळदुर्गच्या चौकाकडं निघाली. वेशीपाशी कोणीतरी विचारलं, "अप्पा, मागं का बसलाव?"

"पुढं मालकीण बसलीया आन् गाडी सून चालवतीया," शिवप्पा म्हणाले. "आपल्याला जागा घावली, हेच लई झालं. आन् त्या यापाऱ्याला फोन कर, म्हणावं येऊ नगंस."

मित्रांनो, तुमच्याही दारात एखादी गाडी बरेच दिवस उभी असेल. ती उभी आहे, म्हणून तिला काही लागत नाही असं समजू नका. बॅटरी सोडून ठेवा, महिन्याला भरा, तिचं पाणी बघा. नुसत्या मायेनं आमचं पोट भरत नाही. आमची गरज काय, ते विचारून घ्या. आणि एक दिवस मी खरोखरच संपले, तर मला उकिरड्यावर टाकू नका. माझं ॲसिड मातीला चांगलं नाही. मला दुकानात परत द्या. माझं शिसं वितळून नवी बॅटरी होईल. तो दिवस यायला मात्र अवकाश आहे. खोटं वाटत असेल, तर किल्ली फिरवून बघा.