पाण्यावर पाखर

दोन हजार अकरा साली सिम्हत तोराच्या सणाला, म्हणजे तोरा हा धर्मग्रंथ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतात त्या दिवशी, त्यातल्या उत्पत्तीचा पहिला, देवानं सहा दिवसांत जग घडवल्याचा अध्याय सोप्या मराठीत वाचायचा, असं पनवेलच्या बेने इस्रायली ज्यू मंडळींनी ठरवलं. काम आलं रिव्काबाईंकडे. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत मराठी शिकवलं होतं. हिब्रूसाठी त्यांचे दीर शिमशोन होते. तीस वर्षं इस्राएलमध्ये काढून ते दोन महिन्यांसाठी खांदा कॉलनीत वहिनींकडे राहायला आले होते.

पहिलं वाक्य पाच मिनिटांत झालं. दुसऱ्यापाशी गाडी अडली ती आठवडाभर. अंधार होता, खोल पाणी होतं आणि देवाचा श्वास पाण्यावर... काय करत होता? मूळ शब्द मेराखेफेत.

"तरंगत होता," रिव्काबाई म्हणाल्या.

"तरंगायला ते काय लाकूड आहे, वहिनी?"

"मग घिरट्या घालत होता."

"घिरट्या घार घालते. हे तसं नाही. हे असं..." शिमशोन उठले आणि दोन्ही हात पसरून हलके हलके हलवू लागले.

तेवढ्यात ठमाबाई कोळीण दारात आली. या घरात खवल्यांचेच मासे चालतात हे तिला ठाऊक होतं, म्हणून पाटीत जिताडा वरच ठेवला होता. शिमशोनना बघून ती हसत सुटली.

"भाऊ, उडताव कुठं?"

रिव्काबाईंनी तिला बसवून सगळं सांगितलं. ठमाबाईनं जरा विचार केला.

"आमच्या खाडीवर खंड्या असतो. पान्यावर एका जागी थरथरत ऱ्हातो."

"तो मासा मारायला," शिमशोन म्हणाले. "इथे तर अजून मासे झालेच नाहीत. ते पाचव्या दिवशी."

"पाच दिवस मासली नाय?" ठमाबाईला ते काही पटलं नाही. "मंग त्याला कराचा काय होता पान्यावर?"

"जपायचं होतं. त्यातूनच पुढे सगळं निघणार होतं ना."

"मंग सरळ बोला की. कोंबरी पिलांवर पाखर घालते, तसा."

रिव्काबाईंनी कपाळावर हात मारला. 'मायेची पाखर' त्यांनी मुलांच्या किती निबंधांत घालून दिली होती!

"देवाचा श्वास पाण्यावर पाखर घालून होता," त्यांनी सावकाश म्हणून पाहिलं. शिमशोन नुसते वहीकडे बोट दाखवून 'लिहा' म्हणून खुणावत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

सणाला रिव्काबाईंनी ठमाबाईला आपल्या प्रार्थनामंदिरात आग्रहानं बोलावलं. नवं लुगडं नेसून ती बायकांमध्ये बसली. शिमशोनची मराठी गंजलेली, वाचताना दोनतीनदा अडखळले; पण ते वाक्य त्यांनी सरळ, एका दमात म्हटलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी नुसती "अगं बाई" म्हणाली.

नंतर आवारात मलिदा वाटला. पानावरचा घास तोंडात टाकत ठमाबाईनं रिव्काबाईंचा पदर ओढला.

"बाई, सेवटी त्यानं बाप्या आनि बायको केली. पुढं त्यांचा संसार झाला का नाय नीट?"

"ते फार लांबलचक आहे," रिव्काबाई हसून म्हणाल्या आणि तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. "ऐक."