गळ्याचं बटण

फेब्रुवारीपासून ओरियानो झांबेल्लीने शर्ट घातला नव्हता. फुटबॉल संघाचा प्रशिक्षक तो, पण सरावाला, सामन्याला, पत्रकारांसमोर, सगळीकडे आपला चेनचा ट्रॅकसूट. प्रशिक्षकाला तिथे मिस्टरच म्हणतात. बारमध्ये लोक कौतुकाने म्हणायचे, आपला मिस्टर साधा माणूस आहे हो, मोठेपणा म्हणून नाही. कसला साधा! डाव्या अंगठ्यात जोर उरला नव्हता आणि बटणं लागत नव्हती, एवढीच ती गोष्ट.

आज मात्र सुटका नव्हती. हरलं तर संघ थेट चौथ्या श्रेणीत जाणार होता, आणि अशा सामन्याला अध्यक्षांनी सगळ्यांना क्लबचा सूट घालायला लावला होता. ओरियानो स्टेडियमच्या संडासात कडी लावून वीस मिनिटं बटणांशी झटला. सगळी लागली, गळ्याचं तेवढं राहिलं. त्यावर टाय कसाबसा ओढून तो बाहेर आला, तेव्हा घामाने निथळत होता.

तीस वर्षांपूर्वी मधल्या फळीत तिघं खेळायचे. चार नंबरचा जॉर्दानो, आठ नंबरचा फाउस्तो आणि सहा नंबरचा ओरियानो, कप्तान. जॉर्दानोच्या हातातून आधी चाव्या पडायला लागल्या. मग पाय गेले, मग गिळणं गेलं, मग तोच गेला. फाउस्तो अजून आहे. चाकाच्या खुर्चीत असतो, पापण्यांनी हो-नाही सांगतो. त्याचीही सुरुवात अंगठ्यापासूनच झाली होती.

कुणी म्हणे मैदानावरची फवारणी बाधली, कुणी म्हणे डोक्यावर चेंडू घेऊन घेऊन झालं, कुणी नशिबावर ढकललं. ओरियानोला मात्र खुंटीला टांगलेली बाटली आठवायची. सामन्याआधी मालीशवाला नेल्लो ती सलाईनसारखी लावायचा. ताकदीचं आहे, म्हणायचा. पोरं बिचकायची. मग कप्तान बाही सारून आधी आपला हात पुढे करायचा. "डास चावतो तेवढंच रे," म्हणायचा. त्याच्याकडे बघून बाकीचे हात पुढे यायचे.

बायकोला, मिरेल्लाला, त्याने काही सांगितलं नव्हतं. परवा भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली खाताना हातातून काटा पडला, तर म्हणाला, लोण्याने बुळबुळीत झालाय. ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. डॉक्टरकडे जायची त्याची छातीच होत नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावायचा आणि मूठ खिशात घालायचा.

तो मालीशच्या खोलीत आला. टेबलावर संघाचा आताचा कप्तान सामुएले पडला होता, मांडीला पट्टी बांधून. वर खुंटीला बाटली लटकत होती.

ओरियानो दारातच थांबला.

"हे काय, नेल्लो?"

"मांडीसाठी. नव्वद मिनिटं पळेल बघ घोड्यासारखा." नेल्लो आता सत्तरीचा. जुना माणूस म्हणून ओरियानोनेच त्याला या क्लबात आणलं होतं.

"दिलं कुणी?"

"अध्यक्षांच्या ओळखीतला डॉक्टर आहे एक."

"बाटलीवर नाव कुठाय?"

नेल्लो कापसाचा बोळा भिजवत राहिला. "तेव्हा तरी कुठे होतं? आणि तू तरी कधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं. विचारावं आणि याने खरंच काही नाव सांगावं, या धास्तीने तो तीस वर्षं गप्प बसला होता.

"मिस्टर, घेऊ द्या ना," सामुएले म्हणाला. "गेल्या महिन्यात मुलगी झालीय मला. संघ खाली गेला तर या वयात मला कोण विचारणार? तुम्हीही घ्यायचात की. नेल्लो सांगत होता, सगळ्यात आधी तुमचाच हात पुढे यायचा. आणि बघा, कसे ठणठणीत आहात."

असं म्हणून त्याने बाही सारली आणि हात पुढे केला.

नुसतं नको म्हणून सामुएले ऐकणारा नव्हता. पाठ वळताच घेतलं असतं. आणि अंगठ्याचं सांगावं, तर ते एकदा तोंडातून निघालं की खरंच होऊन बसणार होतं. आज अंगठा, उद्या खुर्ची, परवा पापण्या. ओरियानो बाकावर बसला आणि त्याने टाय सोडला.

"सामुएले, इकडे बघ."

त्याने गळ्याचं बटण धरलं. निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. बाहेर प्रेक्षकांचे ढोल सुरू झाले होते. चौथ्यांदा निसटलं, तेव्हा नेल्लोने सुई खाली ठेवली.

"कधीपासून?"

"फेब्रुवारी."

"फाउस्तोसारखं?"

"माहीत नाही. दाखवायला गेलो नाही." ओरियानोने हात मांडीवर ठेवला. "भीती वाटते मला."

नेल्लोने बाटली खुंटीवरून काढली आणि तशीच छातीशी धरून उभा राहिला. "तळाशी उरायचं ते मी टोचून घ्यायचो, ओरियानो," तो म्हणाला. "फुकट जाऊ नये म्हणून."



सामुएलेने हात जवळ ओढला आणि बाही मनगटापर्यंत खाली घेतली. मग टेबलावरून उतरून तो लंगडत बाकापाशी आला.

"मान वर करा, मिस्टर."

त्याने बटण लावलं, टाय नीट केला. ओरियानोची भीती काही गेली नव्हती. पण तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून कुणीतरी हात मागे घेतला होता.